पायलटम्मा

आमच्या घरी पाहुण्याला दुसरा चहा मागितला की मिळायचा, पण पहिला कप खाली ठेवायची सोय नव्हती. शेवटचा घोट तोंडात असतानाच माझी बायको कप काढून घ्यायची. पाहुणा ऐसपैस बसला असेल तर त्याच्या पायाखालून झाडू जायचा. तो उठला की ती आधी दिवाणाच्या फटीत हात घालायची, चष्मा-किल्ली काही राहिलं का बघायला, आणि मग निरोप द्यायची. माझ्या थोरल्या भावाची कवळी तिनं असल्याच फटीतून काढून, त्याचा पाय चपलेत जायच्या आत त्याच्या हातात ठेवली होती. तो पुन्हा फारसा आला नाही.

तिचा इलाज नव्हता. ती विमानं साफ करायची. विमान आलं, माणसं बाहेर पडली, की नवी माणसं चढायच्या आत सगळं चकाचक करायचं, असलं ते काम. जन्मभर हेच केल्यावर तिला बसलेलं माणूस बघवत नसे. मी दुकानातून आलो की पाहुणे गेले का असं मी विचारायच्या आधी तीच सांगायची, "उतरले सगळे." आता माझा कप सकाळचा संध्याकाळपर्यंत पडलेला असतो. त्याला कोणी हात लावत नाही.

नल्लकुंट्यात आमच्या गल्लीत तिला पायलटम्मा म्हणत. तेलुगू शेजारणींना कुणाच्याही नावाला अम्मा लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ही विमानात जाते एवढंच त्यांना माहीत. तीही कुणाला दुरुस्त करत नसे. मी एकदा म्हणालो, "अगं, तू झाडू मारतेस तिथं."

"मग? पायलट काय करतो? तो तर नुसता बसून असतो."

विमानांचा सगळा इतिहास तिला पाठ होता, पण कचऱ्यावरून. ती कामाला लागली तेव्हा बेगमपेठेच्या जुन्या विमानतळावर पंख्याची विमानं यायची. त्या काळी लोक विमानात सिगारेटी ओढत. खुर्चीच्या हातात बारकी राखदाणी असायची, ती एकेक उपसावी लागे. पुढच्या रांगा न ओढणाऱ्यांच्या, मागच्या ओढणाऱ्यांच्या. मी विचारलं, "आणि मधे काय, भिंत?"

"मधे काही नाही. धुराला सांगून ठेवलेलं असतं."

उडताना कान दुखू नयेत म्हणून गोळ्या आणि कापूस वाटत. उतरल्यावर गोळ्यांचे कागद आणि कानातला कापूस, दोन्ही हिच्या वाट्याला. मग मोठी जेट विमानं वाढली, बश्या आणि स्टीलचे चमचे आले, आणि चमचे मोजताना कमी भरायला लागले. त्यानंतर प्रायव्हेट कंपन्या निघाल्या, सिगारेट बंद झाली, तिकीट उतरलं, चमचे गेले आणि चमच्यामागं जेवणही गेलं. विमानतळ शमशाबादला गेला तोवर लोक विमानात घरचे पराठे आणि लोणचं खायला लागले होते. तिचा निकाल असा होता, "पूर्वी नुसते साहेबलोक उडायचे, ते घाण खाली सारून वर पेपर टाकायचे. आता आपल्यासारखे उडतात, ते पिशवीत बांधून हातात देतात." माणसाबद्दल बोलतानाही तिचं माप हेच. जावई पसंत केला तो त्यानं केळ्याची साल कुठं टाकली ते बघून.

माझं विद्यानगरला ऑटोच्या सीटा शिवायचं दुकान होतं. आम्ही नांदेडकडचे, मी इथं येऊन हे काम शिकलो, म्हणून ती मला शिंप्यासारखं मास्तर म्हणायची आणि माझ्या कामाला नावं ठेवायची. सीटच्या मागं खिसा पाहिजेच, विमानात असतो, असा तिचा हट्ट. शेवटी एका ऑटोला लावला. आठवड्यात तो ऑटोवाला घरी भांडायला आला. "क्या अम्मा, मेरे ऑटो कू कचरे का डब्बा बना दिए आप." त्या खिशात सवाऱ्यांनी चहाचे कप, भुईमुगाची टरफलं, काय काय कोंबलं होतं. ही खूश. म्हणाली, "बघा, खाली तर नाही ना पडलं."

इतकं असून ती कधी उडाली मात्र नव्हती. उडायचं नाव काढलं की चिडायची. आमची एकुलती पोरगी सुमन लग्न होऊन लखनौला गेली. जावयानं तिकीट काढतो म्हटलं की ही म्हणायची, "मला काय विमानाचं कौतुक? मी रोज चढते-उतरते." मग आम्ही दोघं रेल्वेत एक रात्र आणि वर कितीतरी तास अंग आंबवत जायचो. ती घाबरते हे मला कळत होतं. मी बोललो नाही, कारण मीही घाबरत होतो.

सुमनचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. डिंक आणून ठेवला, शेजारचा पाळणा मागून आणला. पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणून सांगितलं, आणि एका सकाळी सुमनचाच फोन आला. दिवस भरले नव्हते, पण दुखायला लागलं होतं. तिला सासू नाही. म्हणाली, "आई, तू ये. मला भीती वाटतेय."

हिनं फोन ठेवला. रेल्वेचा हिशोब तिला येत होता. दुसऱ्या दिवशी पोचून काय उपयोग? ती म्हणाली, "मास्तर, तिकीट काढायला सांगा. वरचं."

विमानात चढली ती तोऱ्यात. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं, खिडकीचा कोपरा बघितला, बसली. मग विमान हळूहळू मागं सरकायला लागलं आणि तिनं माझं मनगट धरलं.

"मास्तर, हे हललं."

"विमान आहे. हलणारच."

"माझ्यासमोर कधी हललं नव्हतं."

खरं होतं. तिच्यासाठी विमान म्हणजे एक लांबडी खोली. ती चढायची तेव्हा ते उभं, उतरायची तेव्हाही उभं. पुढं ते कुठं जातं, कसं जातं, हे तिनं कधी अंगावर घेतलं नव्हतं. ते पळायला लागलं तशी तिनं डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली, "सुमन, थांब गं. आले गं. थांब." वर गेल्यावरही ते चालूच. मला वाटलं, लेकीआधी हिलाच दवाखान्यात न्यावं लागतंय.

तेवढ्यात चाचपडताना तिचा हात समोरच्या खिशात गेला आणि आतून केळ्याची वाळकी साल निघाली.

तिच्या तोंडावर रंग परत आला. तिनं डोक्यावरची घंटी दाबली. हवाईसुंदरी आली, वाकून म्हणाली, "येस मॅडम?" हिनं मागं वळून बघितलं, ही मॅडम कुणाला म्हणते ते. मागं कोणी नाही असं बघून मग सरसावली. "ये लाइन कौन साफ करे? नाम बताओ."

ती पोरगी बिचारी सॉरी म्हणत साल घ्यायला लागली. ही देईना. "राहू द्या. पिशवी आणा."

पिशवी आली. पुढचा सगळा वेळ हिनं आमच्या मागच्या-पुढच्या रांगांतला कचरा गोळा केला. एका सूटवाल्याच्या हातातला अर्धा समोसा वाचला तो त्यानं घाईनं तोंडात घातला म्हणून. लखनौ येईस्तोवर आपण आभाळात आहोत याची तिला आठवण राहिली नाही. माणसं उतरायला उभी राहिली तशी ही रिकाम्या खुर्च्यांचे पट्टे जुळवायला लागली. मी दंड धरून ओढलं. "अगं, सुमन." तेव्हा पिशवी टाकून अशी पळाली की मीच मागं राहिलो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सुमनला आत न्यायला काढलं होतं. हिनं जाऊन तिचा हात धरला. सुमन कण्हता कण्हता म्हणाली, "आई, तू विमानानं आलीस?"

"मग काय, चालत येऊ?"

दुपारी नात झाली. आईचा हात सुमननं शेवटपर्यंत सोडला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ही गेली. सकाळी भांडी लावता लावता खाली बसली, ती उठली नाही. सुमन पोरीला घेऊन लखनौच्या विमानतळावर बसली होती, आणि तिकडं धुकं. विमान सुटेना. इथं बुद्धवंदना झाली, माणसं जमली, दुपार कलली. आमच्यातले म्हातारे गायकवाडदादा घड्याळ बघून म्हणाले, "मास्तर, दिवस मावळायला आला. किती थांबायचं?"

"विमान येईस्तोवर."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर उद्या. ज्याला काम आहे त्यानं जावं."

लोक कुजबुजले. म्हातारा खुळावला, असं कुणीतरी म्हणालं, ते मी ऐकलं. ही लेकीसाठी जीव मुठीत धरून वर गेली होती. तिचं तोंड लेकीला बघू न देणारा मी कोण? मी उंबऱ्यात बसून राहिलो.

दिवे लागले तेव्हा रिक्षा थांबली. सुमन आली, पोरगी कडेवर झोपलेली. पोरगी माझ्याकडं देऊन ती आईजवळ बसली, हात हातात घेतला, किती वेळ बसली मी बघितलं नाही. मग मान वर करून म्हणाली, "बाबा, मी आले."

मी गायकवाडदादांकडं बघून म्हणालो, "आता उचला."