तंबूची जागा

माझ्या यजमानांना मी घरात कधी नावाने हाक मारली नाही. लिहितानाही 'हे'च म्हणेन.

नंजनगूडच्या एका कारखान्यात ह्यांना नोकरी लागली म्हणून आम्ही कोल्हापूर सोडून म्हैसूरला आलो आणि विजयनगरात घर केलं. इथे आल्यावर ह्यांना तंबूत राहायचा नाद लागला. दर हिवाळ्यात दोन-तीन दिवस कुठल्या तरी जंगलात नाहीतर तलावाकाठी जायचं. जागा निवडायचं काम ह्यांचं, डबे भरायचं माझं. ठिकाण कसं आहे म्हणून मी कधी विचारलंही नाही.

मग ह्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर. दिवसभरात एक लिटर पाणी, चहा-आमटी धरून. सकाळी मी एक बाटली भरून टेबलावर ठेवायची आणि ती रिकामी झाली की त्या दिवसाचं पाणी संपलं. दुपारी साडेतीनलाच ती रिकामी झालेली मी कितीदा पाहिली आहे. तेव्हा ह्यांच्याकडे बघवत नसे.

त्या डिसेंबरात एका गुरुवारी मशीनवर पडल्यापडल्या हे म्हणाले, "समुद्र बघायचाय. तंबूतून."

"डॉक्टर सोडतील का?"

"विचारलंय मी. शुक्रवारी निघून रविवारी परतलो तर सोमवार चुकत नाही, म्हणाले. उद्या नको, पुढच्या शुक्रवारी जाऊ."

कारवारच्या बाजूला घाटातलं राष्ट्रीय उद्यान आणि खाली समुद्र, असा तो पट्टा ह्यांच्या मनात होता. ह्यांनी कागदावर चार ठिकाणं लिहून दिली. सगळ्यात वर होती वनखात्याच्या तंबूंची जागा, उद्यानाच्या आत, नदीच्या वळणावर. तिथल्या टेकडीवरून लांबवर समुद्र दिसतो, असं ह्यांनी कुठेसं वाचलं होतं.

आता बोलता बोलता हे धापा टाकायचे, म्हणून फोन मी केले. एका ठिकाणी मी विचारलं, शौचालय तंबूपासून किती पावलांवर आहे? पलीकडचा माणूस हसला. मग मी आजाराचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "पेशंट बेडा, मॅडम." पेशंट नको. दुसरीकडे भरतीचं पाणी तंबूपर्यंत येतं, असं कळलं. तिसरी जागा किनाऱ्यावरच होती, सुरूच्या झाडांत. शेजारी नगरपालिकेची बाग, गाडी तंबूपर्यंत जाते, आणि मशीन असलेलं इस्पितळ वीस मिनिटांवर. मालक म्हणाला, "परवागिल्ला, हरकत नाही, घेऊन या."

वनखात्याच्या जागेलाही मी फोन केला होता. तंबू चालू होते, हवा तो दिवस मिळत होता. पण गाडी थांबते तिथून दोन किलोमीटर चढ, फोनला रेंज नाही, इस्पितळ दीड-दोन तासांवर. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "ते बंद आहे. दुरुस्ती चाललीय."

"असं होय," हे म्हणाले आणि कागदावर पहिल्या ओळीवर रेघ मारली.

शुक्रवारी पहाटे निघालो. गाडी भाड्याची, चालक ओळखीचा. संध्याकाळी पोचलो तेव्हा ह्यांचे पाय सुजले होते. मालकाने हौसेने शहाळी फोडून आणली. शहाळं ह्यांना विष, त्यातलं पोटॅशियम सोसत नाही. तरी त्याचं मन मोडू नये म्हणून ह्यांनी ते हातात धरलं, त्याच्याशी गप्पा मारल्या आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "तू पी. माझ्यासमोर पी, काही होत नाही." मी प्यायले नाही. वाळूवर ओतलं. ते ह्यांना आवडलं नाही.

समुद्र तिथे होता, पण बागेतल्या घसरगुंडीवरची पोरं, भेळेच्या गाड्या, मोटारींचे हॉर्न, सगळं तंबूत ऐकू येत होतं. आडवं झालं की ह्यांना श्वास पुरेना, म्हणून खुर्चीत बसूनच झोपले.

शनिवारी सकाळी हे म्हणाले, "उद्यानाचं फाटक तरी बघून येऊ." मी म्हटलं, घाटाचा रस्ता आहे, दमाल. हे गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

फाटकाशी एक वनरक्षक बसला होता. ह्यांनी काच खाली करून मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "तंबूंची दुरुस्ती कधी संपणार?"

"कसली दुरुस्ती, सार? पावसाळा सोडला तर वर्षभर चालू असतं. आजही एक तंबू रिकामा आहे."

ह्यांनी त्याचे आभार मानले, काच वर केली. परतताना गाडी घाट उतरू लागली. चालकाने रेडिओ लावला आणि आपणच बंद केला.

मग मीच म्हटलं, "दोन किलोमीटर चढ होता. तुम्ही गेला असता, मला माहीत आहे."

"नसतो गेलो."

"मग?"

"अगं, मला कळतं ना माझं शरीर. मी नको म्हटलं असतं. पण ते मला म्हणू द्यायचं होतंस. आता एवढंच तर माझ्या हातात आहे."

मी रडले. ह्यांनी माझ्या हातावर थोपटलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. रविवारी घरी आलो, सोमवारी मशीन चुकलं नाही.

ह्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. राग धरणारा माणूसच नव्हता तो. पण त्यानंतर काहीही विचारलं की म्हणायचे, "तुला बरं वाटेल ते कर." भाजी कुठली करू, सदरा कुठला काढू, खिडकी उघडू का, सगळ्याला तेच. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, काहीतरी सांगा की!" हे खरंच विचारात पडले आणि म्हणाले, "खरं सांगू? मला आता काही वाटतच नाही."

पुढच्या श्रावणात छातीत पाणी भरलं. डॉक्टरांनी विचारलं, घशात नळी घालून यंत्रावर ठेवायचं की नाही. शुद्धीत होते, म्हणून डॉक्टरांनी आधी ह्यांनाच विचारलं. ह्यांनी बोट उचलून माझ्याकडे दाखवलं.

मी नको म्हटलं. दुपार होती, खाली रस्त्यावर शाळा सुटली होती. दोन तासांनी हे गेले.

ह्यांना तेच हवं होतं का, हे मला माहीत नाही. विचारायला वेळ होता. मी विचारलं नाही.