आशीर्वादाचा फ्लेक्स

जिनेंद्र चौगुलेला माणसांच्या थोबाडांची शिसारी आली होती, आणि ती आणली गावानंच.

तसा त्याचा नाद साधा. दिवसभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसायचं आणि घरी आलं की जुन्या कॉम्प्युटरपुढं. द्राक्षबागेवर तीन चंद्र टांग, कृष्णेत देवमासा सोड, बायकोच्या, दीपालीच्या खांद्यावर मोर बसव. कुणाला दारूचा नाद, कुणाला पत्त्यांचा, ह्याला ह्याचा. कुणाचं काय जात होतं? पण गावाला पत्ता लागला नि झालं. "जिनू, मला जरा गोरा कर." "जिनू, पोट आत घे." "गड्या, लग्नाच्या फोटोतनं आमचा साडू उडव, लय माजलाय." ह्यांना देवमासा नको होता. ह्यांना आपलंच तोंड पाहिजे होतं, तेही दुसऱ्याचं वाटेल असं. शी!

त्यात एक दिवस साताऱ्याहून वीरधवलचा फोन आला. शेजारच्या लीलाबाईंचा हा एकुलता मुलगा, तिकडं रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. बावन्नावा वाढदिवस आलेला, आणि फ्लेक्सवर ‘युवा नेतृत्व’! बरं, असू दे. म्हणाला, "आई माझ्या डोक्यावर हात ठिवून आशीर्वाद देतीया, असा फोटो पायजे."

"मग ये की," जिनेंद्र म्हणाला. "काकू वाट बघत्यात. दोन वर्सं झाली."

"रविवारी येतोच हाय रं. पर फ्लेक्स आधी छापाय पायजे. तू तिचा काढ, माझं डोकं मी पाठवतो."

डोकं पाठवतो! पार्सलच जसं काही. जिनेंद्रनं तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण खोटं कशाला बोला, त्याला खाज सुटली. केसांत रुतलेली बोटं, त्यांची सावली, हे जमवणं म्हणजे खायचं काम नव्हे. तो कॅमेरा घेऊन शेजारी गेला.

लीलाबाईंनी ठेवणीतलं इरकल काढलं. हात बेताच्या उंचीवर राहावा म्हणून जिनेंद्रनं पुढ्यात स्टूल ठेवलं, त्यावर कळशी पालथी घातली.

"आन् ह्या कळशीला आशीर्वाद देऊ व्हय रं?" म्हातारी हसली.

"आता कळशीला द्या. वीरधवलचं डोकं मी कॉम्प्युटरवर बसवतो. रविवारी त्यो आला की खराखुरा काढू."

"येतो म्हनला?" तिनं तीनदा विचारलं. मग कळशीवर हात ठेवला तो असा, की कॅमेऱ्यामागं जिनेंद्रलाच कसंतरी झालं.

चार दिवस तो त्या फोटोवर बसला. जमला, झकास जमला. वीरधवलला पाठवला तर त्याचे फोनवर फोन. "पदर विरलेला दिसतोय, बदल." बदलला. "भिंतीचं पोपडं काढ, मागं बंगला टाक." टाकला. "सुरकुत्या निम्म्या काढ. आई म्हातारी दिसाय पायजे, पर हाल झाल्यागत दिसाय नको." जिनेंद्रनं त्याही काढल्या. आपण माउस फिरवतोय की म्हातारीच्या तोंडावर पोतेरं, हेच त्याला कळेना. त्या दिवशी जेवण गेलं नाही त्याला.

शनिवारी त्यानं स्वतःच फोन केला. "उद्या किती वाजता येतोस? काकू सारख्या इचारत्यात."

"उद्या?" वीरधवल म्हणाला. "आता कशाला रं? फोटो झाला की! एक नंबर झालाय गड्या, सगळी इचारत्यात, गावाकडं कवा गेलतास म्हनून." आणि हसला.

जिनेंद्रनं फोन ठेवला. मेल्याला यायला एवढं एकच निमित्त होतं, आणि ते आपण आपल्या हातानं, चार दिवस डोळे फोडून, मोडून ठेवलं. त्याला वीरधवलची किळस आली, आणि त्याच्या दुप्पट स्वतःची. कॉम्प्युटरमधला तो फोटो त्यानं पुसून टाकला. उपयोग काय? सोमवारी दूध डेअरीसमोर वीस फुटी फ्लेक्स उभा राहिला. ‘आईचा आशीर्वाद हीच माझी ताकद.’

सकाळी डेअरीवर दूध घालायला रांग होती. लीलाबाई चरवी घेऊन आल्या आणि फ्लेक्सखाली थांबल्या. बंगला बघितला, नवा पदर बघितला, आपल्या हाताखालचं मुलाचं डोकं बघितलं. मागं जिनेंद्र उभा. आता ही सगळ्यांदेखत काय बोलेल, ह्याची त्याला धास्ती. बोलली तर बरंच होईल, असंही वाटलं. सांगू दे एकदा, ते डोकं नव्हे, कळशी आहे.

रांगेतल्या शिवांजलीनं विचारलं, "आवं आजी, वीरधवलतात्या येऊन गेलं व्हय? आमाला पत्ताच न्हाई."

म्हातारीनं चरवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"व्हय की बाई. कालच आल्ता. भरीत-भाकरी केली, पोटभर जेवला. आनी एक भाकरी घे म्हनलं, तर म्हनतो, आई, आता बास." आणि मागं वळून तिनं जिनेंद्रकडं बघितलं. "व्हय का न्हाई रं जिनू?"

सगळी रांग त्याच्याकडं बघू लागली.

"व्हय काकू," जिनेंद्र म्हणाला. "मी हुतो की तितं."