काचेच्या पेटीतलं तळं

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही ठाण्यात राहायला आलो. हे तिथल्या शाळेत मास्तर होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाने यांना काचेची भलीमोठी पेटी देऊन टाकली. हे म्हणाले, "हिच्यात पाणवनस्पती लावू आणि मासे सोडू."

माझे सासरे कडाडले, "आपल्या घरात मासे?"

"खायला नाहीत हो, बघायला!" हे म्हणाले. मला इतकं हसू फुटलं की मी तोंडात पदर कोंबला.

तलावावर मासे धरणाऱ्या कोळिणीकडे आम्ही जिवंत पिल्लं मागितली. ती म्हणाली, "नुसत्या पाण्यात कशी जगतील, बाय? खाली इथली माती घाल, वर रेती पसर आणि ही गवतं मुळांसकट लाव." हे धोतर खोचून पाण्यात उतरले आणि त्यांच्यामागे मीही!

घरी पेटीत सगळं लावून पाणी ओतलं, तर नुसता गढूळ चहा. दोन दिवस आम्ही पेटीभोवती घिरट्या घातल्या. तिसऱ्या सकाळी पाणी निवळलं. मग आम्ही कोळिणीकडून पिल्लं आणून सोडली. उन्हात पानापानावर मोत्यांसारखे बुडबुडे चढत होते.

"अहो, पानं श्वास घेतायत!" मी ओरडले आणि सून असल्याचं भान विसरून टाळ्या पिटत नाचले. सासरे पूजा अर्धवट टाकून सोवळ्यातच धावत आले. पेटीपुढे पाट ओढून बसले आणि मान न वळवता म्हणाले, "तो काळ्या शेपटीचा माझा."