फौरी आणि जरूरी

कामांचा निवाडा करावा तर आमच्या शेजारच्या काकांनीच. असा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा नव्हता. घराण्यातला पहिला बी.ए. मी, तेव्हा माझं म्हणणं मानायला हरकत नाही.

काका कळंबच्या कचेरीत चपराशी होते. तिथले कागद उर्दूत. कशावर ‘फौरी’ म्हणजे तातडीचं, कशावर ‘जरूरी’ म्हणजे महत्त्वाचं, असा शेरा असे. काकांना वाचता येत नव्हतं, पण हे दोन शब्द त्यांनी ऐकून घरी आणले आणि सगळा संसार त्यांत वाटून टाकला. म्हैस सुटली, फौरी. लेकीला स्थळ बघायचं, जरूरी. चहा दोन्हीही. एकदा कडब्याची गंजी पेटली, तेव्हा हे घागर घेऊन उभेच. काकी ओरडल्या तर म्हणाले, “थांब की, आदी ठरवू दे. गंजी आपली हाय का शेजाऱ्याची?” गंजी आमची होती.

अडचण एवढीच, की फौरी कामं रोज नवी उगवत आणि जरूरी कामं मुकाट्यानं वाट बघत बसत. काकींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. बार्शीला, म्हणजे इंग्रजी मुलखात, तो काढून मिळे. “जरूरी हाय, पर फौरी न्हाय,” काका म्हणत. चुलीपुढं चाचपडत काकी म्हणत, “व्हय, म्या मेले म्हंजी फौरी हुईन.” काका हसत. आम्हीही हसत असू.

एका दुपारी साहेबाचा फौरी लखोटा घेऊन येरमाळ्याला निघालेले काका भाकरी बांधून घ्यायला घरी आले. दारात सावली पडली तसा काकींनी पदर पुढं ओढला. “मालक कचेरीत गेल्यात,” त्या म्हणाल्या. “बसा भावजी, पानी देते.”

काका भाकरी न घेताच फिरले. लखोटा दुसऱ्या चपराशाच्या हातात दिला. “साहेबाला काय सांगू?” त्यानं विचारलं.

“फौरी काम निघालं म्हन.”

गाडी आमची, हाकायला मी. बार्शीत काकींची पट्टी सुटून जाड भिंगांचा चष्मा लागला, तेव्हा मी तिथंच होतो. उकाड्यानं काकांनी पटका काढून मांडीवर ठेवला होता. काकी त्यांच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“अवं,” त्या हळू म्हणाल्या, “तुमचं केस कवा पांढरं झालं वो?”

काका पटका डोक्याला गुंडाळू लागले, पण तो काही नीट बसेना. काकींनी हात पुढं करून तो धरला.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “बगू द्या.”