चार नंबर औट

आमचे भाईदासभाऊजी एकतीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर कामाला होते, हे मी आमच्या भजनी मंडळात कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर "पुण्याला हिशोबाच्या कामावर आहेत" एवढं म्हणायचे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नैवेद्याच्या सामानाला मी त्यांनी पाठवलेले पैसे वापरत नसे, शेतातल्या केळीचेच वापरायचे. हे भाऊजींना कळलं होतं. कधी बोलले नाहीत. पण पुढे पैसे पाठवताना चिठ्ठीत लिहायला लागले, "आईच्या औषधाला." आज ते आठवलं की मलाच वाईट वाटतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. आमची शेती देडतलाईला, राहायला आम्ही बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात. मॅट्रिकनंतर पंधरा-वीस वर्षं शेतीत काढून एका मित्राच्या ओळखीने ते पुण्याला गेले आणि एका बुकीकडे लागले. बुकी म्हणजे ज्याच्याकडे लोक घोड्यांवर पैसे लावतात तो. त्यांचा शेठ परवानावाला होता, चोरीछुपे काही नाही. शेठ उंच स्टुलावर उभा राहून भाव ओरडायचा आणि भाऊजी खाली बसून वहीत लिहायचे: कोणी, कोणत्या घोड्यावर, किती, काय भावाने. शर्यत संपली की लोक कोंडाळं करायचे आणि भाऊजींनी ज्याचे त्याचे पैसे सांगायचे. कागदावर आकडेमोड नाही, कॅल्क्युलेटर नाही. रुपयाला साडेतीनचा भाव आणि अठराशे लावलेले, तर माणसाने चिठ्ठी पुढे करेपर्यंत यांच्या तोंडून सहा हजार तीनशे बाहेर.

"हे कुठं शिकलात हो?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही शिकलात तिथंच, वहिनी. मराठी शाळेत. फरक एवढाच, की तुम्ही छड्या खाल्ल्या नसतील."

लॉकडाऊननंतर जुने शेठ वारले आणि त्यांचा मुलगा धंद्यावर बसला. त्याने वह्या बंद करून टॅबलेट आणले. टॅबलेटवर भाव टाकला की तो गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर दिसायचा. घोडा जिंकला की मशीन आपलं आपण हिशोब करून पैसे खात्यात घालायचं. जुनी माणसं अशा वेळी कुरकुर करतात. भाऊजी खूश होते. फोनवर म्हणाले, "वहिनी, आता भांडण नाही, तंटा नाही. मशीन कोणाचं तोंड बघून आकडा सांगत नाही."

शेठच्या मुलाने त्यांना काढलं नाही. आजूबाजूच्या बुकींचे भाव ऐकायचे आणि ते प्रशांतला सांगायचे, असं काम दिलं. प्रशांत टॅबलेट चालवायचा. तिशीतला, लेकराबाळांचा माणूस. भाऊजींना मान देऊन वागायचा.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. शर्यतीला तीनचार मिनिटं उरली होती, गलका चाललेला. प्रशांतने टॅबलेटवर चार नंबरचा घोडा आउट केला. म्हणजे घोडा धावणार नाही. अशा वेळी मशीन त्या घोड्यावर लावलेले सगळ्यांचे पैसे जागच्या जागी परत पाठवतं. पाठवले. आणि चार नंबर धावला. नुसता धावला नाही, पहिला आला.

लोक टॅबलेटभोवती गोळा झाले. शेठच्या मुलाने ओरडून विचारलं, "आउट कोणी सांगितलं?"

प्रशांत म्हणाला, "काका बोलले. चार नंबर आउट."

शेजारी उभ्या असलेल्या दोघांनीही तेच ऐकलं होतं. शेठच्या मुलाने पदरचे पैसे भरले. भाऊजींना तो रागावला नाही. "काका, आता आराम करा," एवढंच म्हणाला.

भाऊजी ट्रंक घेऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, तिथं येऊन बसले.

"वहिनी, मी आउट म्हणालो म्हणे. मला तर म्हणाल्याचं आठवत नाही. तिघं खोटं कशाला बोलतील?" मग हळूच म्हणाले, "आईचं असंच सुरू झालं होतं ना?"

आमच्या सासूबाई, मालूबाई, शेवटची चार वर्षं कोणाला ओळखत नव्हत्या. आधी वरणात दोनदा मीठ पडायचं, मग मुलांची नावं गेली, आणि शेवटी मी घास भरवायला बसले की मला विचारायच्या, "तू कोणाची गं?" त्यांना आंघोळ, कपडे, सगळं मीच केलं. भाऊजी दर दिवाळीला येऊन ते बघून जायचे. जाताना माझ्या पाया पडायचे. मी मोठी असले तरी मला संकोच व्हायचा.

डॉक्टरांकडे चला म्हटलं तर येत नसत. म्हणायचे, "कागदावर लिहून आलं की मग ते खरंच होतं." बाजारात एकटं जाणं सोडलं. बोलताना मध्येच थांबायचे आणि आपण बरोबर बोललो का, म्हणून समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. जन्मभर ज्यांच्या तोंडी हिशोबावर शेकडो माणसांनी विश्वास ठेवला, ते दुधाचे पैसेही माझ्याकडून दोनदा मोजून घ्यायचे.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी त्यांनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. जळगावकडच्या एका वृद्धाश्रमाचा. नाव नोंदवून, पाच हजार भरून झाले होते.

"आखाजी झाली की जातो."

"का? इथं कोणी काही बोललं का?"

"कोणी बोलत नाही, म्हणूनच. एकदा आईचं केलंत. परत माझं करायला लावणार नाही तुम्हाला. अजून समजतंय तोवर आपल्या पायांनी जातो."

मी कागद घडी करून परत दिला. आमचे हे शेतावर होते, आले तेव्हा त्यांना सांगितलं, तर ते नुसते ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी दिवा लावताना मी तापीमायला म्हटलं, मला करायला लागलं तर लागू दे, पण या माणसाला घराबाहेर काढू नकोस.

आखाजीला लेकी माहेरी येतात. आमची तृप्ती इंदूरला बँकेत आहे, ती चार दिवस रजा काढून आली. सणाचं सामान भरायचं होतं. तिने काकांना कोठीत डबे बघायला बसवलं. मुद्दाम बसवलं, तेवढाच त्यांचा जीव रमेल म्हणून. आतून भाऊजी डबे काट्यावर ठेवून सांगत होते आणि बाहेर ही मोबाईलवर लिहीत होती.

"काका, गूळ?"

"दीड."

"तांदूळ?"

"बहुत आहे. महिनाभर बघायला नको."

"हरभऱ्याची डाळ?"

"औट."

तासाभराने किराणावाले लोटूभाऊ स्वतःच सामान घेऊन आले आणि डाळीची पिशवी ठेवत म्हणाले, "काकू, पाच किलो डाळ? सगळ्या इतवाऱ्याला पुरणपोळी घालता की काय?"

मी कोठीत जाऊन पाहिलं, तर डबा भरलेला.

"अगं तृप्ती, डाळ तर घरात पडली आहे!"

"काका बोलले ना, आउट. मतलब खतम. मी लिहून घेतलंय, हे बघ."

भाऊजी कोठीच्या दारात उभे होते. चेहरा असा उतरला की मला बघवेना. दाराची चौकट धरून ते म्हणाले, "बघा वहिनी. परत झालं. डबा हाताने काट्यावर ठेवला मी, आणि डाळ नाही म्हणून सांगितलं."

"थांबा," मी म्हटलं. "किती भरली होती डाळ?"

"साडेतीन."

"मग तुम्ही तिला काय सांगितलंत? साडेतीन म्हणालात?"

त्यांनी आठवून पाहिलं. "औट म्हणालो असेन. तोंडात तेच येतं."

"तेच म्हणालात! चुलीपाशी होते तरी मी ऐकलं की. औट. मला काही वेगळं वाटलंच नाही."

तृप्ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. "एक मिनिट. औट क्या होता है?"

"औट म्हणजे साडेतीन, बाई," मी म्हटलं. "आमच्या वेळी पाढा होता त्याचा. बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा."

"और मैंने सुना आउट!" तृप्तीला हसू फुटलं. "काय यार काका, साडेतीन बोलायचं ना सीधं!"

लोटूभाऊही हसायला लागले. भाऊजी मात्र हसले नाहीत. ते खाली बसले, तिथंच उंबऱ्यावर.

"तृप्ती," ते म्हणाले, "त्या दिवशी चार नंबरचा भाव साडेतीनच होता."

तृप्तीचं हसू थांबलं. मी त्यांना पाणी आणून दिलं. जुन्या शेठला औट कळायचं. त्याच्याशी तीस वर्षं याच बोलीत कामं झाली. नव्या माणसांशी भाऊजी आठवणीने साडेतीन म्हणायचे, पण गडबडीत शाळेतलाच शब्द बाहेर पडला. श्वास घेतल्याचं कोणाला आठवतं का? तसं ते.

फोन करायला ते तयार नव्हते. तृप्तीनेच प्रशांतला लावला आणि स्पीकरवर टाकला. ती जरा चढ्या आवाजात सगळं सांगत सुटली.

"काका आहेत का तिथं?" प्रशांतने विचारलं. "काका, मला औट हा शब्दच माहीत नाही हो. आईशपथ. मी आउटच ऐकलं."

"काका दो साल से घर में बैठे हैं, पता है तुम्हाला?" तृप्ती म्हणाली.

भाऊजींनी तिच्या हातून फोन घेतला. "तिचं मनावर घेऊ नका. तुमच्या शाळेत नव्हता तो पाढा, तुम्ही काय करणार? मीही टॅबलेटकडे एकदा बघायला पाहिजे होतं. लेकरं बरी आहेत ना?"

"बरी आहेत, काका," म्हणून प्रशांतने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. त्याने शेठला सांगितलं होतं. आता तोंडी भाव घेतला की टॅबलेटवर आकडा टाकून तो सांगणाऱ्याला दाखवायचा, आणि दाखवल्याशिवाय आउटचं बटण दाबायचं नाही, असं ठरलं होतं. अजून असे कोणते शब्द आहेत, तेही त्याने विचारलं. भाऊजींनी त्याला पावकी, निमकी, औटकी असे सगळे जुने पाढे सांगितले. पाऊण तास चाललं होतं. मध्येमध्ये हसतही होते.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण संध्याकाळी बघते तर भाऊजी ट्रंकेत कपडे घालत होते.

"आता काय?" मी म्हटलं.

"हे चुकलं नव्हतं, म्हणून पुढे चुकणार नाही असं थोडंच आहे, वहिनी? रक्त आईचंच आहे."

मला राग आला. खरं सांगते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "विसरायचं असेल तर इथं बसून विसरा. सासूबाई मला विचारायच्या, तू कोणाची, तर मी सांगायचे, तुमचीच. तुम्ही विचाराल तेव्हाही सांगेन. तिथं जळगावला कोण सांगणार आहे?"

मी कपडे उचलून कपाटात नेऊन ठेवले. त्यांनी अडवलं नाही.

आखाजीला घागर भरली, पुरणपोळी झाली, आमरस झाला. डाळ अर्थातच खूप उरली. तृप्ती जाण्याच्या सकाळी आश्रमातून फोन आला, कधी येताय म्हणून. भाऊजी अंगणात उभे राहून बोलले, मला सगळं ऐकू येत होतं.

"जागा दुसऱ्या कोणाला द्या साहेब. घरचे सोडत नाहीत." मग थोडा वेळ ऐकून घेतलं. "बरं. राहू द्या."

आत येऊन म्हणाले, "भरलेले पाच हजार परत मिळत नाहीत म्हणे."

"जाऊ द्या की."

"एकतीस वर्षं घोड्यांत काढली, पण स्वतःचा एक रुपया कधी लावला नाही. पहिल्यांदा लावले, तेही हरलो."

तृप्ती पिशवी भरता भरता इतकी हसली की तिला ठसका लागला. काकांनी तिची पिशवी उचलली आणि तिला बसस्टँडवर सोडून येतो म्हणाले. मी दारात जाऊन विचारलं, "येताना एकटे याल ना?"

"येईन की. चहा टाकून ठेवा," म्हणाले, आणि दोघं गेली.