फलाटबाईंची सातवी नस

बसस्थानकावर त्यांना सगळे फलाटबाईच म्हणत. काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे त्या वर्षानुवर्षं पुकारत आल्या होत्या. आवाज असा खणखणीत, की बाकावर घोरणारा माणूसही सामान सावरून उठावा.

एके सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं. आरशात पाहतात तो अर्धा चेहरा उतरलेला, डावा डोळा मिटता मिटेना. नवऱ्याचं धाबं दणाणलं. "अगं, हा अर्धांगवायू तर नाही?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचवायला लावल्या. उजव्या कपाळावर आठ्या पडल्या. डावं कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं सपाट.

"हातापायांत जोर आहे, आणि कपाळही हलत नाही. मेंदूचा झटका असता तर कपाळ बहुधा हललं असतं. म्हणजे दुखणं मेंदूत नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूतून निघणारी सातवी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोळातून चेहऱ्याकडे येते. तिथे ती सुजून चेपलीय. बहुतेकांची सुधारते. गोळ्या आजच सुरू करा, डोळा जपा."

डोळ्यात थेंब आणि झोपताना पापणीवर पट्टी सुरू झाली. जेवण बेचव लागे, कारण जिभेच्या पुढच्या भागाची चवही याच नसेकडे. पण खरी पंचाईत ओठांची. ते मिटतच नव्हते, मग प, फ, ब, म उमटणार कुठून?

स्थानकप्रमुख घरी आले. "बाई, आपण यंत्राचा आवाज लावू. तुम्ही तिकीट खिडकीवर बसा."

"गाडी ऐनवेळी रद्द झाली तर यंत्र काय सांगणार? मी परत येणार, साहेब." 'मी'तला 'म', 'परत'मधला 'प', 'साहेब'मधला 'ब' वाऱ्यावर गेले, पण साहेबांना कळायचं ते कळलं.

रोज आरशासमोर बसून, गालाला बोटाचा आधार देऊन, त्या हळूहळू ओठ जुळवत. धाकटी नणंद मास्तरकी करी.

"वहिनी, म्हणा 'मामा'."

"आआ."

दोघी खो खो हसत. कधी आरसा पालथा घालून बाई रडतही. मग तोंड धुऊन पुन्हा बसत.

एका दुपारी ओठाचा कोपरा किंचित थरथरला. पुढे काही आठवड्यांनी स्वच्छ 'बाबा' उमटलं. "चला, आता भांडायला मजा येईल," नवरा म्हणाला आणि पटकन तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

बाई आपल्या खुर्चीवर परतल्या. नस पुन्हा वाढताना मात्र काही तंतू वाट चुकले होते; ओठ मिटले की डावा डोळाही बारीक होई.

"बाई, डोळा मारलात की काय?" काचेपलीकडून एका ड्रायव्हरने विचारलं.

"गाडी वेळेवर काढ, मग खरंच मारते!" म्हणत त्यांनी माईक पुढे ओढला.