तेन्चाचं पुलापलीकडचं औषध

शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं राबलेली बाई काय काडीसारखी राहणार? तेन्चाचं हेच म्हणणं होतं. आख्खं गाव तिच्या हातचं खाऊन वाढलं आणि गावाबरोबर तीही वाढली. त्याची तिने कधी फिकीर केली नव्हती. पण नातीचा पंधरावा वाढदिवस जवळ आला आणि बाईची मती फिरली.

पंधरावा वाढदिवस म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या वरताण सोहळा. केक मावशीकडून, बूट काकाकडून, बँड तिसऱ्याकडून, अशी नात्यागोत्यात वाटणी होते. तेन्चाच्या वाट्याला मुकुट आला. तो नातीच्या डोक्यावर चढवायला सगळ्यांच्या देखत मंचावर जायचं, म्हणून तिने मोरपंखी झगा घेतला आणि तोही दोन मापं लहान! दुकानदाराने हळूच सुचवून पाहिलं, तर त्यालाच ठणकावलं, "झगा वाढणार नाही, मी घटणार आहे!"

डॉक्टरीणबाईंनी बारीक व्हायचं इंजेक्शन लिहून दिलं. विमा कंपनीने हात वर केले. औषधाच्या दुकानात किंमत ऐकून तेन्चा म्हणाली, "एवढ्यात मी डुक्कर कापून गावजेवण घालीन!"

तेव्हा लिचा मदतीला धावली. लिचा ही तेन्चाच्या लेकीची धर्ममाता, म्हणजे तेन्चाची कोमाद्रे. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची आणि सासूपेक्षा तिखट. "दात आपण पुलापलीकडे मेक्सिकोत स्वस्तात करतो, चष्मा पुलापलीकडे करतो," लिचा म्हणाली, "मग पोटानेच काय घोडं मारलंय? चल, मलाही घ्यायचंय. पण कुणाला सांगायचं नाही. घे शपथ मातामेरीची." तेन्चाने शपथ घेतली.

सीमेवरच्या नदीचा पूल चालत ओलांडून दोघी मेक्सिकोत उतरल्या. दुकानातल्या पांढऱ्या कोटवाल्याने तेन्चाला आपादमस्तक न्याहाळलं. तिने पर्समधून डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी काढली, तर म्हणतो कसा, "राहू द्या सेन्योरा, तुमच्याकडे बघूनच कळतं." मेल्याची जीभ झडो! पण किंमत पावपट होती, म्हणून तेन्चाने अपमान गिळला. दोघींनी औषध भरलेलं, टोचायचं एकेक निळं पेन घेतलं.

लिचाला कुठला धीर! ती सकाळपासून उपाशी होती. समोरच्या खानावळीच्या संडासात जाऊन तिने लगेच टोचून घेतलं. तेन्चाला सुईची भीती, म्हणून तिने "घरी बघू" म्हणत आपलं पेन सोबत आणलेल्या बर्फाच्या पेटीत, नुकत्याच घेतलेल्या चीजखाली दडवलं.

परतताना पुलावर ही रांग! अर्धा तास उन्हात उभं राहिल्यावर लिचा घामाने निथळायला लागली. हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं.

"काय गं, बरं नाही वाटत?"

"गप बस. मला दोन तेन्चा दिसतायत. एकीनेच जीव नकोसा केलाय."

"बघ, बघ! औषध लागू पडलं!" तेन्चा हरखून म्हणाली. आता काय म्हणावं या बाईला!

तपासणीला एलिसेओ होता. गणवेश, कमरेला पिस्तूल, सगळं खरं. पण सहावीत असताना हा तेन्चाकडून रोज दोनदा वाढून घ्यायचा.

"मिस तेन्चा! पेटीत काय?"

"चीज रे बाळा. नुसतं चीज."

"तुमचे कान लाल झालेत, मिस तेन्चा." त्याने पेटी उघडली, चीज बाजूला केलं आणि पेन वर काढलं. "चिठ्ठी नाही?"

"आहे की, ही काय."

"मग खोटं कशाला बोललात? औषध असलं की उघड सांगायचं. सोडायचं की नाही, ते आम्ही ठरवतो. लपवलं की गुन्हा."

"तुझ्यासमोर कसं सांगू? लहानपणापासून मला ओळखतोस तू!"

एलिसेओ हसला. पण पेन फिरवता फिरवता त्याचं नख लेबलाच्या कोपऱ्यात अडकलं. लेबल सुटलं आणि खाली दुसरंच निघालं. त्याचा चेहरा उतरला.

"माझी आई रोज हेच टोचून घेते. हे इन्सुलिन आहे! साखर एकदम खाली जाते, माणूस मरतं. कुणी घेतलंय का हे?"

लिचाने मान हलवली. नाही, नाही. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. तेन्चाला शपथ आठवली, तरी ती सगळा पूल ऐकेल अशी ओरडली, "हिने घेतलंय! तासाभरापूर्वी! सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही हिच्या!"

एलिसेओ धावत जाऊन संत्र्याचा रस घेऊन आला. तेन्चाने मांडी घालून लिचाचं डोकं धरलं.

"यात किती साखर..." लिचा पुटपुटली.

"गीळ! गीळ गं बाई मुकाट्याने!" तेन्चा ढसाढसा रडत होती. तिला झगा नको होता, मुकुट नको होता, फक्त ही टोचरी बाई हवी होती.

रुग्णवाहिका आली, सलाईन लागलं आणि दुपार कलायच्या आत लिचाने जेवण मागितलं. तेव्हा कुठे तेन्चाचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तिने विचारलं, "या दुकानाचा पत्ता तुला दिला कुणी?"

"चर्चच्या गायनमंडळात सगळ्या बोलत होत्या," लिचा म्हणाली. "म्हणजे, 'मी घेते' असं नव्हे, दुसरीच कुणीतरी घेते असं."

मंडळात सतरा बायका, आणि कुणाकुणाच्या घरी तसलंच पेन असणार. सगळ्यांना आपल्या तोंडाने सांगायचं! तेन्चाचे कान पुन्हा तापले. तरी ती इस्पितळाच्या व्हरांड्यात गेली आणि तिने पहिला फोन दोन्या अंपारोला लावला. दोन्या म्हणजे बाईसाहेब, आणि ही अंपारो मंडळाची मुख्य गायिका. यंदा ती निम्मी झाली होती आणि ते श्रेय ती देवाला आणि काकडीला द्यायची.

"दोन्या, मी तेन्चा. मी बारीक व्हायचं औषध चोरून आणलं, पुलापलीकडून. ते खोटं निघालं. लिचा मरता मरता वाचली. तुमच्याकडे असेल तर टोचू नका."

"मला काय सांगतेस?" दोन्या कडाडली. "माझी तर नुसती प्रार्थना..."

मग पलीकडे फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला.

"तेन्चा," दोन्या अंपारो अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ते लेबल कुठल्या कोपऱ्यातून सुटतं गं?"